कान्हेरीचे लेख आणि जर्मन पंडितांची चरित्रे

चारकोपच्या खाडीकाठापासून कान्हेरीचा डोंगर सरळ रेषेत नऊ-दहा किलोमीटरांहून दूर नाही. मधल्या प्रदेशात आकुर्लीनजीकची पडण टेकडी आहे. तिच्या खडकावरील त्रोटक लेख पंडित भगवानलाल इंद्रजी ह्यांनी १८८२ मध्ये सोपाऱ्याच्या अवशेषांबरोबर प्रसिद्ध केले. त्याच बाजूस बोरिवलीजवळ मागाठाणे आहे. त्याचे नाव कान्हेरीच्या एका दानलेखात आले असल्याचे विद्वानांनी ओळखले आहे. साष्टीच्या ह्या चिंचोळ्या पट्ट्यात आज घरांची दाटी झालेली असली, तरी प्राकृताच्या आणि मराठीच्या पूर्वरूपाच्या अभ्यासकाला येथे पावलोपावली काम आहे. त्या कामाचा इतिहास पाहू गेल्यास मार्टिन हौग, गेओर्ग ब्यूलर, फ्रान्झ कीलहॉर्न आणि हाइन्रिख ल्यूडर्स ह्या चार जर्मन पंडितांची नावे एकामागून एक पुढे येतात. ह्या पंडितांची लहानमोठी चरित्रे उपलब्ध आहेत आणि विद्यार्थी ती वाचतातही. त्यांत कान्हेरीला मात्र एखाद्या वाक्याहून अधिक जागा क्वचितच मिळते. ही उणीव केवळ एका स्थळाच्या विस्मरणाची असती, तर तिची एवढी दखल घेण्याचे कारण नव्हते. ती ह्या चरित्रांच्या घडणीतच आहे, आणि म्हणून तिची चिकित्सा करणे अवश्य आहे.

जर्मन पंडिताच्या चरित्राचा एक साचा ठरून गेलेला आहे. जन्मगाव, वडिलांचा व्यवसाय, विद्यापीठ, गुरू, पदवी. मग बोटीचा प्रवास, मुंबईत किंवा पुण्यात नेमणूक, ग्रंथांची यादी. मग स्वदेशी परतणे, प्राध्यापकपद, बहुमान आणि मृत्यू. यूल्यूस यॉली ह्यांनी ब्यूलर ह्यांचे चरित्र १८९९ मध्ये लिहिले, आणि तेही ब्यूलर ह्यांनी स्वतः आखलेल्या महाकोशसदृश ग्रंथमालेत. एर्न्स्ट विंडिश ह्यांचा संस्कृत भाषाशास्त्राचा व भारतीय प्राचीन विद्येचा इतिहास १९१७ आणि १९२० ह्या वर्षी दोन भागांत निघाला. तो इतिहास असला तरी त्याची प्रकरणे मुख्यतः व्यक्तींभोवती रचलेली आहेत. व्हालेंटिना श्टाखे-रोझेन ह्यांचा १९८१ मध्ये नवी दिल्लीहून प्रसिद्ध झालेला चरित्रसंग्रह आपल्याकडील विद्यार्थ्यांच्या सर्वांत अधिक हाती असतो. त्यात एका पंडितास एक टिपण असा क्रम आहे. हे तिन्ही ग्रंथ परिश्रमाचे आणि विश्वसनीय आहेत, ह्याविषयी दुमत होण्याचे कारण नाही. परंतु त्यांची दृष्टी एका पुरुषावर खिळलेली असते. त्याच्या शेजारी बसून ज्याने पोथी लावली, डोंगर चढून ज्याने ठसा घेतला, त्याचा उल्लेख झाला तरी तो साहाय्यक म्हणून, ऋणनिर्देशाच्या सुरात होतो. मराठीतील टिपणे बहुधा ह्याच ग्रंथांवरून तयार होतात. आपल्याकडे त्यात एक भर पडते ती भक्तीची. परदेशी माणूस संस्कृत शिकला, ह्या आश्चर्यातून आपली चरित्रे अद्यापि पुरती बाहेर आलेली नाहीत; आणि ह्या आश्चर्याची दुसरी बाजू जो संशय, तोही अधूनमधून डोके वर काढतो. भक्ती आणि संशय ह्या दोहोंच्याही पोटी प्रत्यक्ष काम पाहण्याचा कंटाळा असतो, हे येथे स्पष्ट म्हटले पाहिजे.

प्रथम हौग ह्यांचे उदाहरण घ्यावे. ते व्युर्टेंबेर्गमधील ओस्टडोर्फ येथे १८२७ मध्ये एका शेतकऱ्याच्या घरी जन्मले आणि १८५९ ते १८६६ ह्या काळात पुण्याच्या कॉलेजात संस्कृतच्या अध्यापनाचे प्रमुख होते. ऐतरेय ब्राह्मणाची त्यांची संपादित प्रत व भाषांतर १८६३ मध्ये मुंबईत निघाले. ह्या ग्रंथासाठी त्यांनी यज्ञकर्म जाणणाऱ्या एका श्रोत्रियाकडून दक्षिणा देऊन आपल्याच आवारात विधी करून दाखवून घेतले आणि जागीच टिपणे केली, ही हकीकत बहुतेक चरित्रांत रंगवून सांगितलेली असते. ती खरी आहे आणि रंजकही आहे. मात्र तीत हौग ह्यांची जिज्ञासा तेवढी दिसते. जो श्रोत्रिय लोकापवादाचे भय बाजूस सारून एका म्लेंच्छ मानलेल्या माणसापुढे आपली विद्या मांडावयास बसला, त्याचे धैर्य दिसत नाही. श्रौतकर्माची जी परिभाषा भाषांतरात आली, तिचा अर्थ कोशातून नव्हे तर ह्या माणसाच्या हातांच्या हालचालींतून ठरलेला आहे. हे ध्यानात घेतल्यावाचून त्या भाषांतराचे गुणदोष सांगता येत नाहीत.

कान्हेरीशी हौग ह्यांचा संबंध येतो तो एडवर्ड विल्यम वेस्ट ह्या इंग्रज गृहस्थांमुळे. वेस्ट हे पेशाने रेल्वेचे इंजिनियर. कान्हेरीच्या लेण्यांचा आराखडा आणि तेथील लेखांच्या नकला त्यांनी १८६०च्या सुमारास तयार करून रॉयल एशियाटिक सोसायटीच्या मुंबई शाखेच्या नियतकालिकातून प्रसिद्ध केल्या. पुढे पेहलवी भाषेचा छंद त्यांना हौग ह्यांच्याजवळ घेऊन गेला. म्यूनिक येथे काही वर्षे राहून त्यांनी त्या भाषेचा कसून अभ्यास केला, आणि हौग ह्यांच्या पारशी धर्मावरील निबंधांची सुधारलेली आवृत्ती त्यांच्या मृत्यूनंतर १८७८ मध्ये वेस्ट ह्यांनीच काढली. कान्हेरीच्या नव्वदाव्या लेण्यात पेहलवी लिपीत कोरलेले तीन लेख आहेत. पारशी यात्रेकरूंनी इसवी सन १००९ मध्ये दोनदा आणि १०२१ मध्ये एकदा ह्या बौद्ध लेण्यास भेट दिल्याची व स्वतःची नावे नोंदवल्याची ती साक्ष आहे. वेस्ट ह्यांनी ते लेख १८८० मध्ये वाचून प्रसिद्ध केले, तेव्हा हौग ह्यांना जाऊन चार वर्षे झाली होती. हौग ह्यांच्या चरित्रात ह्या वाचनाला स्थान असावे की नसावे? साच्याप्रमाणे नसावे, कारण ते त्यांच्या ग्रंथांच्या यादीत येत नाही. परंतु पुण्याच्या अध्यापकाची विद्या एका इंजिनियरच्या द्वारे साष्टीच्या डोंगरावर उमटली, हीच त्या आयुष्याची एक मोठी फलश्रुती होय.

ब्यूलर ह्यांच्या बाबतीत हा प्रश्न अधिक तीव्र होतो. त्यांचा जन्म १८३७ चा, हानोव्हर राज्यातील. ग्योटिंगेन येथे शिक्षण, नंतर पॅरिस व लंडन येथील हस्तलिखितांवर काम, आणि १८६३ मध्ये मुंबईच्या एल्फिन्स्टन कॉलेजात नेमणूक. मुंबई इलाख्यात ते १८८० पर्यंत होते. ह्या सतरा वर्षांत अध्यापन, गुजरातेतील शाळांची तपासणी, हस्तलिखितांचा शोध, रेमंड वेस्ट ह्यांच्यासमवेत हिंदू धर्मशास्त्राचा निर्णयसंग्रह, कीलहॉर्न ह्यांच्यासह मुंबई संस्कृत ग्रंथमालेची उभारणी अशी अनेक कामे त्यांनी केली. प्रकृती बिघडल्यामुळे ते परतले, व्हिएन्ना येथे प्राध्यापक झाले आणि ८ एप्रिल १८९८ रोजी बोडेन सरोवरात एकटेच नाव वल्हवीत असता बुडून मरण पावले. चरित्रकारांना हा शेवट सोडवत नाही, हे मानवी स्वभावास धरूनच आहे.

कान्हेरीच्या ब्राह्मी लेखांचे ब्यूलर ह्यांनी केलेले वाचन व भाषांतर पश्चिम भारताच्या पुरातत्त्व पाहणीच्या पाचव्या खंडात १८८३ मध्ये आले. त्या वेळी ते व्हिएन्नात होते. त्याच्या आदल्याच वर्षी, १८८२ मध्ये, ठाणे जिल्ह्याचा गॅझेटियर प्रसिद्ध झाला होता आणि त्यातील कान्हेरीचे प्रकरण भगवानलाल इंद्रजी ह्यांच्या मजकुरावर उभे होते. दोन्ही वाचने पुढ्यात ठेवून पाहणे हा पदव्युत्तर विद्यार्थ्यांसाठी उत्तम पाठ ठरेल. त्यांत मतभेदाच्या जागा आहेत. अक्षर तुटले तेथे कोणी काय गृहीत धरले, हे त्यांवरून कळते. उदाहरणार्थ, एका पाण्याच्या टाक्यावरील संस्कृत लेखात सातकर्णीच्या राणीचा उल्लेख असून तिचा महाक्षत्रपाच्या घराण्याशी संबंध सांगितला आहे. पण त्या महाक्षत्रपाच्या नावाचे पहिले अक्षर तेवढे शिल्लक आहे. हा रुद्रदामन असावा, असे अनुमान पुढे रूढ झाले आणि गिरनारच्या लेखातील सातकर्णी व रुद्रदामन ह्यांच्या निकट संबंधाच्या विधानाने त्याला बळकटी आली. परंतु दगडावर जे आहे ते एक अक्षर, आणि बाकीचे अनुमान, हा भेद सातवाहनांच्या इतिहासाच्या पाठ्यपुस्तकांत पुसला जातो. मूळ वाचनात तो पुसलेला नव्हता. कंसातले अक्षर कंसातच ठेवण्याची ही शिस्त, हा ब्यूलर ह्यांच्या पंडित्याचा खरा अलंकार. चरित्रकार मात्र त्यांच्या ग्रंथांची संख्या मोजतात.

भगवानलाल ह्यांच्याविषयी येथे थोडे विस्ताराने लिहिणे प्राप्त आहे. त्यांचा जन्म जुनागढचा, १८३९ चा. इंग्रजी शिक्षण जुजबी. प्राचीन लिपी ते प्रिन्सेपच्या अक्षरतक्त्याच्या आधारे गिरनारच्या पायथ्याशीच शिकले. तरुणपणी मुंबईस येऊन ते डॉ. भाऊ दाजी ह्यांच्याकडे राहिले आणि त्यांच्यासाठी देशभर हिंडून लेखांच्या नकला आणू लागले. भाऊ दाजींच्या अनेक निबंधांमागे ह्या नकला होत्या. म्हणजे ज्याने दगड पाहिला त्याचे नाव मागे आणि ज्याने निबंध वाचला त्याचे पुढे, ही रीत काही जर्मनांनी आणलेली नव्हती. ती मुंबईतच, आपल्याच माणसांत चालू होती. भाऊ दाजी १८७४ मध्ये वारले. त्यानंतर भगवानलाल ह्यांनी स्वतःच्या नावाने लिहिण्यास आरंभ केला, आणि त्यात ब्यूलर ह्यांचा हात होता. नेपाळमधील लेखांचा निबंध १८८० मध्ये दोघांच्या नावाने प्रसिद्ध झाला. नेपाळच्या इतिहासासंबंधीचा भगवानलाल ह्यांचा निबंध १८८४ मध्ये आला तो ब्यूलर ह्यांनी मूळ गुजरातीवरून इंग्रजीत उतरवून.

हा शेवटचा तपशील चरित्रांत तळटीपेच्या योग्यतेचा समजला जातो. भाषेच्या अभ्यासकाला तो मध्यवर्ती वाटला पाहिजे. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात पुराभिलेखविद्येतील एक मौलिक निबंध गुजरातीत लिहिला गेला, आणि मुंबई इलाख्यात सतरा वर्षे काढलेल्या एका जर्मनाने तो इंग्रजीत नेला. मूळ निबंध देशी भाषेत आणि भाषांतर परदेशी पंडिताचे, हा क्रम आपल्या नेहमीच्या कल्पनेच्या उलट आहे. आज ह्या निबंधाचा हवाला देताना गुजरातीचे नाव कोणी घेत नाही. शास्त्रीय विचार देशी भाषेतून मांडता येतो की नाही, असा वाद आपल्या विद्यापीठांत अनेक दशके रंगला. त्या वादात हा निबंध पुराव्यादाखल पुढे आलेला दिसत नाही. ब्यूलर ह्यांची सतरा वर्षे केवळ संस्कृतमध्ये गेली अशी जी समजूत चरित्रांवरून होते, तीही येथे ढळते. शाळातपासणीसाच्या नोकरीने त्यांना गुजराती दिली आणि गुजरातीने त्यांना भगवानलाल दिले.

भगवानलाल १८८८ मध्ये वाळकेश्वर येथे वारले. त्यापूर्वी १८८४ मध्ये लायडन विद्यापीठाने त्यांना सन्माननीय डॉक्टरेट दिली होती. त्यांच्यावरील मृत्युलेख त्याच वर्षी इंडियन अँटिक्वेरीमध्ये आला, आणि तो ब्यूलर ह्यांनी लिहिला. भगवानलाल लिपी कशी शिकले, कोणाच्या आश्रयाने राहिले, कोठे कोठे हिंडले, त्यांचे काम इतरांच्या निबंधांत कसे गेले, ह्याचा विचार करावयाचा तर अजूनही त्या लेखाकडे वळावे लागते. दुसऱ्याचे चरित्र कसे लिहावे हे ब्यूलर ह्यांना ठाऊक होते. दहाच वर्षांनी त्यांचे स्वतःचे चरित्र लिहिण्याची वेळ आली तेव्हा मात्र लेखणी पदव्या, पदे आणि ग्रंथमाला ह्यांच्या मार्गाने गेली, आणि भगवानलाल त्यात परिशिष्टाइतके उरले.

ह्या लेखांच्या भाषेकडे वळल्यास आणखी एक गोष्ट दृष्टीस पडते. कान्हेरीच्या जुन्या प्राकृत लेखांत डोंगराचे नाव कण्हसेल असे येते. शिलाहारांच्या काळातील संस्कृत लेखांत ते कृष्णगिरि असे आहे. आजचे कान्हेरी हे रूप सेल-अंती नावापासून निघू शकत नाही. कृष्ण, कण्ह, कान्ह ही परंपरा सर्वपरिचित आहे. गिरि ह्या पदातील ग् स्वरांमध्ये येऊन लोपतो, मागील अ आणि पुढील इ ह्यांचा ए होतो, आणि कान्हेरी हे रूप नियमाने सिद्ध होते. म्हणजे लोकांच्या तोंडी गिरि-अंती नाव होते, आणि ते कण्हसेल ह्या नावाच्या जोडीने किंवा त्यानंतर प्रचारात आले असले पाहिजे. मागाठाण्याचे प्रकरण इतके सरळ नाही. यज्ञश्री सातकर्णीच्या सोळाव्या राज्यवर्षातील एका दानलेखात कल्याणच्या एका व्यापाऱ्याने मंगलठाण गावातील शेत संघास दिल्याचा उल्लेख आहे. स्थानचे ठाण होणे आणि मंगमधील अनुस्वार जाऊन मागील स्वर दीर्घ होणे ह्या दोन्ही गोष्टी मराठीच्या प्रकृतीस धरून आहेत. दंतचा दात आणि पंचचा पाच ह्याच रीतीने झाला. परंतु स्वरमध्य ल्‌चा मराठीत ळ् व्हावयास हवा, फळ, काळ ह्या शब्दांप्रमाणे. तो येथे नाहीसा का व्हावा? समासाच्या मध्यभागी त्याच्यापुढील अ लोपून तो ठ्‌ला भिडला आणि त्यात विरला, व मागील स्वर दीर्घ झाला, अशी उपपत्ती देता येईल. ती शक्य कोटीतील आहे, सिद्ध नव्हे. स्थळ जवळचे, नाव जवळचे, म्हणून एकीकरण मान्य करावयास हरकत नाही. मात्र ध्वनिपरिवर्तनाचा नियम पुरा झाला असे म्हणू नये. रिखार्ड पिशेल ह्यांच्या १९०० मधील प्राकृत व्याकरणाने अशा चर्चेला पाया दिला, आणि ते व्याकरण ब्यूलर ह्यांच्याच ग्रंथमालेत निघाले. पिशेल ह्यांचे चरित्र सांगताना कलकत्त्यास व्याख्यानांसाठी निघालेला हा वैयाकरण १९०८ च्या डिसेंबरात मद्रासेत वारला, एवढेच बहुधा लक्षात राहते.

कीलहॉर्न ह्यांची कान्हेरीशी गाठ शिलाहारांच्या लेखांमुळे पडली. राष्ट्रकूट अमोघवर्षाचे मांडलिक म्हणून उत्तर कोकणावर राज्य करणाऱ्या शिलाहारांचे तीन लेख त्यांनी १८८४ मध्ये इंडियन अँटिक्वेरीत प्रसिद्ध केले. त्यांपैकी कपर्दी दुसरा ह्याच्या काळच्या एका लेखात शक ७७५ असे वर्ष असून संवत्सराचे नाव प्रजापति आहे. ही दोन विधाने परस्परांशी जुळत नाहीत. शकवर्षात बारा मिळवून साठाने भागले असता जी बाकी उरते तो दक्षिणेकडील रीतीने संवत्सराचा अनुक्रम. ७७५ ला सात बाकी उरते, म्हणजे श्रीमुख संवत्सर येतो. पाचवा जो प्रजापति, तो शक ७७३ चा. कोरणाऱ्याचा किंवा लेख रचणाऱ्याचा आकडा चुकला आणि संवत्सराचे नाव बरोबर राहिले, असेच मानावे लागते. लेख इसवी सन ८५१ चा ठरतो. एवढ्याशा गणिताने शिलाहारांच्या कालक्रमातील दोन वर्षे सरकतात. अशी शेकडो गणिते कीलहॉर्न ह्यांनी केली आणि उत्तर व दक्षिण हिंदुस्थानातील लेखांच्या त्यांच्या याद्यांनी अभ्यासकांच्या तीन पिढ्यांना आधार दिला. चरित्रांत ह्या याद्यांना उत्तरायुष्यातील फावल्या वेळचा उद्योग समजतात आणि पतंजलीच्या महाभाष्याची प्रत हे जीवितकार्य. हा भेद कृत्रिम आहे. प्रत्येक पाठामागे साक्ष कोणती, ती कितपत टिकते, हा एकच प्रश्न दोन्हीकडे विचारलेला आहे.

त्या प्रश्नाची धार त्यांना कोठे लाभली? साच्यातील उत्तर असे की, ग्योटिंगेनला बेनफाय, ब्रेस्लाउला श्टेन्झलर आणि बर्लिनला वेबर ह्यांच्या हाताखाली. हे अर्धे उत्तर झाले. कीलहॉर्न १८६६ मध्ये पंचविशीच्या उंबरठ्यावरून पुढे पाऊल टाकीत डेक्कन कॉलेजात आले आणि पंधरा वर्षे राहिले. नागोजीभट्टाचा परिभाषेंदुशेखर त्यांनी १८६८ मध्ये छापला आणि त्याचे भाषांतर १८७४ पर्यंत पुरे केले. पाणिनीय व्याकरणातील परिभाषांचा हा ग्रंथ अतिशय संक्षिप्त आणि गुरुमुखावाचून अभेद्य समजला जातो. काशीत राहिलेल्या एका महाराष्ट्रीय पंडिताचा हा ग्रंथ कीलहॉर्न ह्यांना पुण्यात अनंतशास्त्री पेंढरकर ह्यांनी शिकविला. हे ऋण कीलहॉर्न ह्यांनी लपविलेले नाही. परंतु ऋणनिर्देशापेक्षाही भाषांतराची घडण अधिक बोलकी आहे. ते शब्दशः भाषांतर नव्हे. सूत्र, त्यावर शंका, शंकेचे निरसन, प्रत्येक पायरीला उदाहरण, आणि उदाहरणातील रूप कोणत्या सूत्राने कसे सिद्ध होते त्याचा उलगडा, असा त्याचा क्रम आहे. शास्त्री पाठ सांगतात तो हाच क्रम होय. मूळातील चार शब्दांना इंग्रजीत अर्धे पान लागते, कारण ते अर्धे पान पाठशाळेत तोंडी सांगितले जात असे. तेव्हा हा ग्रंथ जर्मन शास्त्रपद्धतीचा नमुना म्हणून वाचणे जितके योग्य, तितकेच एकोणिसाव्या शतकातील पुण्याच्या एका व्याकरणपाठाची लिखित नोंद म्हणून वाचणेही योग्य. दुसरे वाचन अद्यापि व्हावयाचे आहे.

महाभाष्याच्या प्रतीविषयीही हेच म्हणता येईल. तिचे तीन खंड १८८० ते १८८५ ह्या अवधीत निघाले. काम पुण्यात सुरू झाले आणि ग्योटिंगेनला संपले. तत्पूर्वी १८७६ मध्ये त्यांनी कात्यायन आणि पतंजली ह्यांच्यावर एक लहानसे पुस्तक लिहून, कात्यायन हा पाणिनीचा वैरभावी टीकाकार होता आणि महाभाष्याचा पाठ मागाहून पुन्हा रचलेला आहे, ह्या युरोपातील मतांचा प्रतिवाद केला. वेबर हे त्यांचे गुरू. तरीही पुण्यात बसून शिष्याने गुरूच्या मताविरुद्ध परंपरेची बाजू घेतली. ह्याला भक्ती म्हणावयाचे नाही; परंपरा आतून कशी चालते हे पाहिल्याचा तो परिणाम होता. पुढे ह्या प्रतीची सुधारलेली आवृत्ती काशिनाथ वासुदेव अभ्यंकर ह्यांनी १९६२ ते १९७२ ह्या काळात भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिरातर्फे काढली. त्यांचे वडील वासुदेवशास्त्री अभ्यंकर ह्यांचे महाभाष्याचे मराठी भाषांतर १९३८ पासून खंडशः निघालेले होते. शास्त्र्यांकडून निघालेली वाट पुन्हा शास्त्र्यांच्या घराण्यात येऊन पोचली.

ह्याच ठिकाणी एक अप्रिय गोष्टही सांगितली पाहिजे. रामकृष्ण गोपाळ भांडारकर हे ब्यूलर ह्यांचे समवयस्क. दोघांचाही जन्म १८३७ चा. एल्फिन्स्टन कॉलेजात संस्कृतच्या प्राध्यापकाचे काम त्यांनी हंगामी म्हणून काही वर्षे केले; पण १८७३ मध्ये कायम नेमणूक पीटर पीटरसन ह्यांची झाली. डेक्कन कॉलेजातील जागा भांडारकरांना मिळाली ती कीलहॉर्न निघून गेल्यावर, १८८२ मध्ये. ह्या मधल्याच काळात, १८७७ मध्ये, विल्सन भाषाशास्त्रीय व्याख्यानांतून त्यांनी संस्कृतापासून मराठीपर्यंतच्या भाषांची परंपरा मांडली होती. ग्योटिंगेन विद्यापीठाने त्यांना १८८५ मध्ये सन्माननीय डॉक्टरेट दिली आणि पुढल्याच वर्षी ते व्हिएन्नाच्या प्राच्यविद्या परिषदेस गेले. ज्यांची योग्यता ग्योटिंगेन आणि व्हिएन्ना येथे मान्य होती, त्यांना मुंबईत जागेसाठी थांबावे लागले. जर्मन पंडितांच्या चरित्रांत नेमणुकीची वर्षे येतात. त्या नेमणुकांमागचे राज्य मात्र येत नाही. ते आले म्हणजे त्या पंडितांचे काम कमी प्रतीचे ठरते असे नव्हे.

आणि सर्वच जर्मन पंडित कीलहॉर्न नव्हते. मुंबईच्या सेंट झेवियर्स कॉलेजात संस्कृत शिकविणाऱ्या आलोइस आंटोन फ्यूरर ह्यांनी मुंबई ग्रंथमालेत वासिष्ठ धर्मशास्त्राची प्रत काढली होती. पुढे पुरातत्त्व खात्यात गेल्यावर त्यांनी शोधांचे जे दावे केले, त्यांतील लबाडी १८९८ मध्ये उघडकीस आली आणि त्यांना पद सोडावे लागले. ब्यूलर ह्यांनी त्यांच्यावर विश्वास टाकला होता. त्याच वर्षीच्या बोडेन सरोवरातील मृत्यूशी ह्या प्रकरणाचा संबंध जोडण्याचा मोह काही लेखकांना झाला. त्याला पुरावा नाही. फ्यूरर ह्यांनी दिलेल्या काही लेखांचे पाठ बनावट असल्याचे १९१२ मध्ये दाखविले ते कीलहॉर्न ह्यांचे शिष्य ल्यूडर्स ह्यांनी, लखनौच्या संग्रहालयातील ब्राह्मी लेखांची चिकित्सा करून. एकाच देशातून आलेल्या, एकाच विद्येत वाढलेल्या माणसांतील हा फरक चरित्रसंग्रहांच्या एकसुरी आदरात बुडून जातो. फ्यूरर ह्यांचे प्रकरण झाकल्याने ब्यूलर ह्यांची बूज राखली जात नाही. उलट ल्यूडर्स ह्यांच्या परीक्षणाचे मोल तेवढे झाकले जाते.

ल्यूडर्स ह्यांच्या ब्राह्मी लेखांच्या यादीत कान्हेरीचे लेख क्रमाने नोंदलेले आहेत. ही यादी १९१२ मध्ये एपिग्राफिया इंडिकाच्या दहाव्या खंडाची पुरवणी म्हणून पुरी झाली. प्रत्येक क्रमांकाखाली तो लेख पूर्वी कोठे व कोणी प्रसिद्ध केला ते दिलेले आहे, आणि मग लेखाचा आशय दोन-तीन ओळींत सांगितलेला आहे. एका लेखाखाली स्टीव्हनसन, वेस्ट, भगवानलाल, ब्यूलर अशी नावे एका रांगेत, एकाच टाइपात येतात. कोणी मिशनरी, कोणी इंजिनियर, कोणी पंडित, कोणी प्राध्यापक, हे तेथे लिहिलेले नाही. ह्या रांगेत पुढे वासुदेव विष्णु मिराशी ह्यांनी १९७७ मध्ये शिलाहारांच्या लेखांची भर घातली, आणि १९९१ मध्ये शोभना गोखले ह्यांचा कान्हेरीच्या समग्र लेखांचा ग्रंथ डेक्कन कॉलेजने प्रसिद्ध केला. म्हणजे जेथे कीलहॉर्न अनंतशास्त्र्यांपुढे परिभाषेंदुशेखर उघडून बसले होते, त्याच संस्थेने.